तुम्ही विचारलंत म्हणून: मधलंच एक पान कशाला?

माझ्या भिंतीवरचं, चित्रकाराने हाताने काढलेलं कॉमिकचं मूळ पान पाहून तुम्हीही तेच विचारलंत जे बहुतेक जण विचारतात. छापलेलं कॉमिक सहज मिळतं, त्यात रंग असतात, अख्खी गोष्ट असते. मग हे काळंपांढरं, गोष्टीच्या मधूनच उचललेलं सुटं पान कशाला? आणि भिडेपोटी न विचारलेला दुसरा प्रश्न: त्यासाठी एवढे पैसे?

पैशांचं आधी उरकते. जानेवारी 2022मध्ये माइक झेक यांनी काढलेलं मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाच्या ‘सीक्रेट वॉर्स’ मालिकेच्या आठव्या अंकातलं एक पान लिलावात 33 लाख 60 हजार डॉलरना गेलं. अंक 1984चा. स्पायडरमॅनचा काळा पोशाख कुठून आला ते त्या पानावर कळतं, म्हणून ही किंमत. झेक उत्तम चित्रकार आहेत, पण ती बोली पोशाखावर लागली होती, रेषेवर नाही. अशा बातम्यांमुळे हा छंद म्हणजे शेअर बाजाराचा चुलतभाऊ आहे असा समज पसरलाय. बहुतेक संग्राहकांकडची पानं मात्र अशी असतात की त्यांची बातमी कधीच होणार नाही. माझीही तसलीच आहेत.

आता खरा प्रश्न. हे पान भिंतीवर लावण्यासाठी काढलेलंच नव्हतं. ते छपाईचं साधन होतं. अमेरिकन कॉमिक्समध्ये साधारण 11 बाय 17 इंचाच्या ब्रिस्टल बोर्डवर (जाड, गुळगुळीत कागदावर) एक जण पेन्सिलीने काढायचा, दुसरा संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहायचा, तिसरा टाक आणि ब्रश घेऊन शाई चढवायचा, मग खोडरबराने पेन्सिल पुसली जायची. 1967च्या सुमारापर्यंत तर बोर्ड याहूनही मोठे असत. रंग या पानावर कधी लागायचेच नाहीत. ते वेगळ्या प्रतीवर ठरायचे. म्हणजे तुम्हाला जे रंगाविना अपुरं वाटलं, ते कॅमेऱ्यासमोर गेलं तेव्हा पूर्णच होतं.

त्या कॅमेऱ्यामुळेच गंमत आहे. छपाईच्या फिल्मला फिकट निळा रंग दिसत नसे, कागदासारखा पांढराच वाटे. म्हणून निळ्या पेन्सिलीने काहीही लिहा, छापून येणार नाही. पांढरा रंग फासून रेष झाका, कागदाचा तुकडा चिकटवून चेहरा बदला, वाचकाला पत्ता लागत नाही. वाचकापासून लपवलेलं सगळं मूळ पानावर उघडं पडलेलं असतं.

तुम्ही पाहिलेलं पान एका जुन्या, आता फारसं कुणाला न आठवणाऱ्या मालिकेतलं आहे. त्यात मारामारी नाही, मुखवटा नाही. दोन माणसं बोलतात आणि त्यातला एक निघतो, एवढंच. चौथ्या चौकटीत तो दाराशी उभा आहे, हात खाली सोडलेला. छापील अंकात एवढंच दिसतं. मूळ पान जरा तिरकं धरलं की खाली सोडलेल्या हाताच्या वर पांढऱ्या रंगाचा थर दिसतो आणि त्याखाली दुसरा हात: कडीवर ठेवलेला, बोटं वळलेली, शाईसुद्धा चढवून झालेली. म्हणजे काम संपल्यावर कुणीतरी ठरवलं की हा माणूस अजून निघालेला नाही, त्याला काहीतरी बोलायचं आहे. चित्रकाराने ठरवलं की संपादकाने, मला माहीत नाही. पण त्या एका बदलाने पुढच्या चौकटीतलं वाक्य निरोपाचं न राहता कबुलीचं झालंय. छापील अंक मी कितीदा वाचला होता, तरी हे तिथे कळणं शक्यच नव्हतं.

समासात तर याहून मोठे वाद दडलेले असतात. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये बऱ्याचदा गोष्टीचा ढोबळ आराखडा आधी ठरायचा, चित्रकार पानं काढायचा आणि संवाद मागाहून लिहिले जायचे. त्यामुळे तिथले चित्रकार जॅक कर्बी कडेला पेन्सिलीने लिहून ठेवत की इथे काय घडतंय, कोण काय म्हणतंय. कथा नेमकी कुणाची, लेखकाची की चित्रकाराची, यावर आजही भांडणारे लोक या टिपा पुराव्यासारख्या वाचतात. छापताना समास कापला जायचा, म्हणून हा पुरावा फक्त मूळ पानांवर उरला.

तोही थोडाच उरला. छापून झालं की पान म्हणजे अडगळ, असाच प्रकाशकांचा खाक्या होता. किती तरी पानं कापून, फाडून टाकली गेली, काही कार्यालय बघायला आलेल्या पोरांना वाटली गेली. ईसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी आपल्याकडची मूळ पानं जपून ठेवली, हा अपवाद. सत्तरच्या दशकात मोठे प्रकाशक चित्रकारांना पानं परत करू लागले, पण जुन्या पानांसाठी कर्बींना कित्येक वर्षं झगडावं लागलं आणि 1987मध्ये त्यांना परत मिळाली ती साधारण दोन हजार. त्यांनी काढलेली त्याच्या कितीतरी पट होती. उरलेल्यांतली काही कुठून कुठे फिरत बाजारात येतात. म्हणून त्या काळातलं पान समोर आलं की ते कुणाच्या हातून कसं आलं हे मी विचारतेच. जुनी प्रकरणं उकरू नका असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडून मी घेत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे ‘अमेझिंग फँटसी’ 15, स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो अंक. स्टीव्ह डिटको यांनी काढलेली त्याची 24 मूळ पानं 2008मध्ये कुणीतरी नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या सरकारी ग्रंथालयाला देऊन टाकली. लिलावात काय झालं असतं, याचा अंदाज देणाऱ्यालाही असणारच.

आता बरेच चित्रकार थेट पडद्यावर काढतात. तिथे मूळ पान नसतंच. जे कागदावर काढतात त्यांच्या पानांवरही फुगे क्वचितच असतात, कारण अक्षरं संगणकावर टाकली जातात. मला ती पानं मुकी वाटतात, पण हा माझ्या वयाचा दोष असेल. एक मात्र नीट विचारून घ्या: शाईखाली खरी पेन्सिल आहे की स्कॅनवरून छापलेली निळी रेष? कारण आता पेन्सिलीचं पान स्कॅन करून त्याच्या निळ्या छापावर, वेगळ्या कागदावर शाई चढवतात, म्हणून पेन्सिलीचं पान एकाकडे आणि शाईचं दुसऱ्याकडे असं सर्रास होतं, आणि दोन्ही ‘मूळ’ म्हणून विकली जातात.

जपणुकीचं फार अवघड नाही. उन्हापासून लांब, आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवायचं. लॅमिनेशन कधीही नाही. शाईऐवजी मार्करने भरलेला काळा रंग वर्षांनी तपकिरी पडू शकतो आणि जुना गोंद पिवळे डाग सोडतो. डाग घालवायच्या फंदात स्वतः पडू नका.

सुरुवात करायचीच असेल तर हयात चित्रकाराकडून थेट घ्या, आणि मुखपृष्ठ किंवा पानभर चित्राच्या मागे न लागता साधं, पाचसहा चौकटींचं पान मागा. ते स्वस्तही असतं आणि गोष्ट सांगायची खटपट त्यातच जास्त दिसते. छापील अंक शेजारी ठेवून दोन्ही पाहा. तुमच्या हातात येतो तो कागद. चित्र छापायचा हक्क नाही, त्यामुळे त्याचे टी-शर्ट काढायचा बेत असेल तर सोडून द्या. आणि पान उलटून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मागे शिक्के असतात, हिशेब असतात, कधी फसलेली दुसरीच चौकट असते. विकणाऱ्यांना बऱ्याचदा तिची खबरही नसते.