आमची वाटचाल : बिलातल्या एका फील्डची गोष्ट

आमच्या ऑफिसातली मंडळी बरेच दिवस मागे लागलीत की आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या फर्मची वाटचाल लिहून काढा, म्हणून लिहायला बसलोय. बाकीचे लोक किती कस्टमर झाले, किती मोठं ऑफिस घेतलं असं लिहितात, मी मात्र एका फील्डबद्दल लिहिणार आहे. बिलाच्या फॉर्ममधलं रेटचं फील्ड, म्हणजे स्क्रीनवरचा भावाचा रकाना. ह्याच फील्डने आमची फर्म बुडायची वेळ आणली होती आणि आज लोक आमच्याकडे भरवशाने येतात ते पण ह्याच फील्डमुळे.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि माझा पार्टनर. दोघंही फॉक्सप्रोवाले, म्हणजे त्या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये सेट रिलेशन लावून टेबलं जोडा, सीक मारून शोधा, सापडलं तर रेट व्हेरिएबलमध्ये उचला, नाही सापडलं तर मेसेज द्या, सगळं आपल्या हाताने. मग ॲक्सेस ९७, मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, हातात आलं आणि आम्हाला वाटलं आता काय, कॉम्बो बॉक्स म्हणजे निवडायची यादी टाकली, तिचा रो सोर्स म्हणजे माहिती कुठून घ्यायची ते दिलं, आयटम निवडला की काम झालं. पहिले तीन-चार फॉर्म तर आम्ही रात्री बसून केले आणि सकाळी कस्टमरकडे लावले.

पार्टनरची एक सवय होती, तिच्याबद्दल लिहायलाच पाहिजे. कुठलाही फॉर्म कॉम्प्युटरवर करायच्या आधी तो चौकटीच्या वहीत काढायचा. प्रत्येक फील्डसाठी एक चौकोन, आणि तीन पेनं. ऑपरेटर हाताने भरणार ते काळ्या शाईत, मोजून येणार ते निळ्या शाईत, मास्टरमधून, म्हणजे मालाच्या आणि पार्ट्यांच्या मूळ यादीतून, येणार ते लाल शाईत. क्वांटिटी काळी, लाईनची रक्कम निळी, रेट लाल. कस्टमरसमोर वही उघडायची आणि विचारायचं, हे तुम्ही भरणार का मशीनने आणायचं? ज्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं त्यांना पण हे लगेच कळायचं. त्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत, कोणाला देत नाही.

आमचा पहिला मोठा कस्टमर म्हणजे पंपाच्या स्पेअर पार्टचे होलसेलर, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. वॉशर, सील, बेअरिंग, इंपेलर, हजारो आयटम आणि प्रत्येकाचा रेट त्यांना तोंडपाठ. पहिल्या दिवशी पार्टनरने आयटमचा कोड टाकला आणि समोर रेट आपोआप आला तेव्हा काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास नुसते कोड टाकत बसले, प्रत्येक रेट डोक्यातल्या रेटशी ताडून बघत. एकही चुकला नाही. उठताना म्हणाले, "पोरांनो, हे माझ्याकडे कायम राहू द्या."

आता चूक कुठे होती ते सांगतो. रेटच्या टेक्स्ट बॉक्सचा कंट्रोल सोर्स, म्हणजे त्यातला आकडा कुठून यायचा ते, आम्ही डीलूकअप दिला होता, म्हणजे आयटम मास्टरमधून ह्या कोडचा रेट आण. आणि रक्कम म्हणजे क्वांटिटी गुणिले रेट. टेबलमध्ये जायचं फक्त काय, तर कोड आणि क्वांटिटी. आम्हाला वाटायचं हे एकदम शिस्तीचं डिझाइन आहे, एक माहिती एकाच जागी, नॉर्मलायझेशनमध्ये तेच तर शिकवतात. वर्षभर काही झालं नाही कारण रेट फारसे हललेच नाहीत.

मग काकांनी नवीन रेट लावले, एका दिवसात जवळजवळ सगळा मास्टर बदलला. आणि दोन महिन्यांनी त्यांचे हिशेब तपासणारे आले, म्हणाले मागच्या वर्षीचं अमुक बिल परत काढा. काढलं. फाईलमधल्या कागदावर एक रक्कम, प्रिंटरमधून आलेल्या कागदावर दुसरी. नंबर तोच, तारीख तीच, पार्टी तीच, माल तोच, रक्कम वेगळी. दुसरं बिल काढलं, तेही वेगळं. मला फोन आला तेव्हा मी म्हणालो प्रिंटरचा काहीतरी घोळ असेल, आणि फोन ठेवता ठेवताच डोक्यात लख्ख पडलं की काय झालंय. जुनं बिल उघडलं की डीलूकअप आजच्या मास्टरकडे जातोय. आमच्या सिस्टिममध्ये जुनं बिल असं काही नव्हतंच, जे होतं ते सगळं आजच्या रेटने मोजलेलं होतं.

आणि हे एका काकांकडे नव्हतं, तोच फॉर्म आम्ही अकरा ठिकाणी लावला होता.

पुढचे तीन आठवडे मी विसरणार नाही. सबटेबलमध्ये, म्हणजे बिलातल्या ओळींच्या टेबलमध्ये, रेट नावाचं खरंखुरं फील्ड वाढवलं, करन्सी टाईपचं, आणि प्रत्येक कस्टमरच्या कार्बन कॉपीच्या गठ्ठ्यांवरून जुने रेट एकेक करून टाईप केले. कार्बन कॉपीत खालच्या ओळी पुसट असतात, ३ आहे का ८ ते कळत नाही, मग कागदावरच्या टोटलवरून उलटा हिशेब करून रेट काढायचा. काका स्वतः शेजारी बसायचे, मी कोड वाचायचो, ते डोळे मिटून त्या वेळचा रेट सांगायचे आणि मग आम्ही कागदाशी जुळवायचो. जिथे कागदच हरवला होता तिथे त्यांनी आपल्या पार्ट्यांकडून झेरॉक्स मागवून आणल्या, आमच्यासाठी. अकरातले चार कस्टमर तेव्हाच सोडून गेले, त्यांच्याबद्दल राग नाही, त्यांचं बरोबर होतं. काका गेले नाहीत.

राग आहे तो दुसऱ्या पार्टीबद्दल. नाव घेत नाही. त्याच लाईनमध्ये होते, आमच्या त्या चारपैकी तिघांकडे तेच गेले, आणि जाईल तिथे सांगायचे की ह्यांची बिलं रात्रीतून आपोआप बदलतात. आता हे वाक्य खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. पण पुढचं ऐका. एका कस्टमरने त्यांचं सॉफ्टवेअर मला दाखवलं, डिझाइन व्ह्यू, म्हणजे फॉर्मची आतली रचना, उघडा होता, आणि मला समोर आमचाच फॉर्म दिसला. कसं ओळखलं? आमच्या टेबलमध्ये क्वांटिटीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहून गेलं होतं, पहिल्याच रात्री घाईत, आणि इतक्या क्वेऱ्या त्याच्यावर अवलंबून होत्या की आम्ही ते तसंच ठेवलं. त्यांच्या टेबलमध्ये पण तेच अक्षर गायब. लेबलचा रंग बदलला होता, कोपऱ्यात आपलं नाव टाकलं होतं, आणि आत आमची चूक जशीच्या तशी.

त्यांनी त्याच्यावर उपाय काय केला तर टोटल टेबलमध्ये साठवायला लागले. म्हणजे बिल सेव्ह करताना मोजायचं आणि आकडा टाकून द्यायचा. रेट मात्र अजून मास्टरमधूनच. त्यामुळे जुनं बिल उघडलं की ओळींची बेरीज एक आणि खाली टोटल दुसरी. शिवाय कोणी नंतर क्वांटिटी दुरुस्त केली आणि मोजणारा प्रोग्रॅम चालला नाही तर टोटल जुनीच. आमच्या बिलात निदान चुकीच्या रेटची बेरीज तरी बरोबर होती. त्या तिघांपैकी दोघं पुढे परत आले, आणि मी त्यांना एक शब्दही बोललो नाही, पण इथे लिहितोय कारण आमचा फॉर्म उचलून आम्हालाच नावं ठेवली ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या सगळ्या प्रकारानंतर पार्टनर एक दिवस हिरवं पेन घेऊन आला. म्हणाला, लाल शाईत आपण दोन गोष्टी एकत्र करत होतो. एक म्हणजे नुसतं बघायचं, पार्टीचा फोन नंबर, पत्ता, मालाची गोडाऊनमधली जागा, हे आजचंच दिसलं पाहिजे, मास्टरमध्ये बदललं की इथे बदललं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे उचलून आणायचं आणि त्या क्षणी इथे कायमचं लिहून ठेवायचं, रेट, टॅक्सचा टक्का, डिस्काउंट. पहिलं लाल, दुसरं हिरवं. त्या दिवसापासून आमच्या वहीत चार रंग.

खरं सांगायचं तर लूकअप ह्या शब्दानेच घात केलाय, आणि फक्त आमचाच नाही. फाईलमेकर ह्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लूकअप म्हणजे कॉपी, व्हॅल्यू एकदा फील्डमध्ये येऊन बसली की मास्टर बदलला तरी हलत नाही, रीलूकअप द्याल तेव्हाच नवीन येते. ॲक्सेसचा डीलूकअप म्हणजे प्रत्येक वेळी जाऊन बघून ये. आणि टेबल डिझाइनमधला लूकअप विझार्ड म्हणजे तिसरंच, आत साठवतो आयडी आणि दाखवतो नाव, मग नवीन पोरगं क्वेरीत नावाने क्रायटेरिया टाकतं आणि काहीच का सापडत नाही म्हणून दिवस घालवतं. एक शब्द, तीन कामं. आमच्याकडे कोणी नवीन आलं की मी पहिल्या दिवशी हेच विचारतो, तू लूकअप म्हणतोस म्हणजे नक्की काय म्हणतोस?

आता रेट कसा येतो ते सांगतो, ज्यांना उपयोग होईल त्यांना होईल. कॉम्बोच्या रो सोर्समध्ये कोड, नाव, रेट तिन्ही घ्यायचे, रेटच्या कॉलमची रुंदी शून्य ठेवायची म्हणजे दिसत नाही पण हाताशी असतो. आफ्टर अपडेटमध्ये, म्हणजे आयटम निवडल्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एकच ओळ, कॉम्बोचा कॉलम २ रेट फील्डमध्ये टाक. दोन का, तर मोजणी शून्यापासून आहे, तिसरा कॉलम म्हणजे २. डीलूकअपपेक्षा हे वेगात पण चालतं, कारण डीलूकअप प्रत्येक ओळीला वेगळी क्वेरी मारतो आणि कंटिन्युअस फॉर्ममध्ये नेटवर्कवर ते डोळ्यांना दिसतं, ओळी एकेक करून भरत जातात. टॅक्सच्या दराचं मात्र वेगळं टेबल पाहिजे, त्यात लागू तारीख पाहिजे, आणि बिलाच्या तारखेला किंवा तिच्या आधीची सगळ्यात जवळची तारीख शोधून तो दर उचलायचा. आजची तारीख नाही, बिलाची तारीख, कारण मागच्या तारखेचं बिल आज टाकणारे लोक असतातच.

डिस्काउंट रिकामा सोडला की सगळी रक्कमच गायब होते, हे पण प्रत्येकाने एकदा अनुभवलेलं असतं. नल म्हणजे रिकामं, शून्य नाही, नलमध्ये काहीही मिळवा, वजा करा, गुणा, उत्तर नलच. एनझेड, म्हणजे नलच्या जागी शून्य देणारं फंक्शन, लावा, पण विचार करून लावा. डिस्काउंटला एनझेड ठीक आहे, नाही दिला म्हणजे शून्य. रेटला एनझेड अजिबात लावू नका. रेट सापडला नाही तर ओळ अडली पाहिजे, ऑपरेटरला कळलं पाहिजे, तिथे गुपचूप शून्य आलं तर माल फुकट जातो आणि बिल दिसायला एकदम व्यवस्थित दिसतं.

सबफॉर्मच्या, म्हणजे बिलातल्या ओळींच्या आतल्या फॉर्मच्या, फुटरमधल्या म्हणजे तळातल्या टोटलसाठी रकमेच्या कंट्रोलची बेरीज मागू नका, एररच येणार, बेरजेचं फंक्शन फील्ड ओळखतं, मोजलेला कंट्रोल ओळखत नाही. आत पूर्ण गुणाकार लिहा, समच्या कंसात क्वांटिटी गुणिले रेट, आणि मेन फॉर्मवरून त्या फुटरच्या बॉक्सकडे बोट दाखवा. आणि राउंड ऑफ. व्हीबीएचा, म्हणजे ॲक्सेसमधल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा, राउंड २.५ ला २ करतो आणि ३.५ ला ४, म्हणजे बरोबर मधे असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो, ही त्याची चूक नाही, ती पद्धतच आहे, पण काकांचा कॅल्क्युलेटर २.५ चे ३ करायचा आणि काकांचा कॅल्क्युलेटरच खरा. त्यासाठी आमचं वेगळं फंक्शन आहे, पार्टनरने लिहिलेलं, बारा ओळींचं, आणि इतक्या वर्षांत त्याला हात लावायची गरज पडली नाही.

नंतरची बरीच वर्षं चांगली गेली, काम येत राहिलं, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. ॲक्सेस २०१० मध्ये टेबलमध्येच कॅल्क्युलेटेड फील्ड आलं तेव्हा पोरं म्हणाली आता ते वापरू, मी म्हणालो त्याला त्याच टेबलमधली फील्डं दिसतात, मास्टर दिसत नाही, त्यामुळे आपला मूळ प्रश्न तो सोडवत नाही. आता मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, तिथे आवृत्ती १२ पासून जनरेटेड कॉलम, म्हणजे आपोआप मोजले जाणारे कॉलम, आहेत, ओळीची रक्कम आम्ही त्यात ठेवतो कारण क्वांटिटी आणि रेट त्याच ओळीत असतात, बदलले की ती आपोआप बदलते, कोणाला हाताने टाकताच येत नाही. टोटल कधी साठवत नाही, क्वेरीत मोजतो.

पार्टनर आता थकलाय, ऑफिसला येत नाही, पण नवीन फॉर्म झाला की मी चौकोन काढून त्याला पाठवतो आणि तो रंग सांगतो. काकांची गादी त्यांचा मुलगा बघतो. मध्यंतरी तो म्हणाला, जुनं बिल बघताना मला आजचा रेट पण शेजारी दिसला पाहिजे, म्हणजे पार्टीशी बोलताना फरक लगेच कळेल. मी वही काढली. एक चौकोन हिरवा, बिलाचा रेट, बिल झाल्यावर लॉक. त्याला लागून दुसरा चौकोन लाल, आजचा रेट, नुसता बघायचा, कशातही न मोजला जाणारा. पार्टनरला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, लाल चौकोनाच्या मागे फिकट रंग टाक, नाहीतर घाईत कोणीतरी तोच वाचेल. टाकला, आणि परवा लावून आलो.