तुम्ही विचारलंत म्हणून: जुना आवाज परत आणता येतो का?

‘आमच्या लोकगायिका बऱ्याच वर्षांनी अल्बम करताहेत. त्यांचा पूर्वीचा आवाज परत कसा आणायचा?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझं उत्तर ठाम आहे: आणायला जाऊच नका. पट्टी, म्हणजे गाण्याचा आधार ‘सा’, आजच्या गळ्यावरून ठरवा.

वयाबरोबर स्वरतंतू पातळ होतात, गाताना नीट मिटत नाहीत आणि आवाजात हवा मिसळते. दमही कमी पुरतो. वरचे स्वर आधी जातात. त्यामुळे जुन्या पट्टीपासून दोन ते चार अर्धस्वर उतरावं लागतं. पेटीच्या काळी चारला गाणारा गळा पांढरी तीनवर, म्हणजे चार अर्धस्वर खाली आला, तर त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र पट्टी पहिल्या कडव्यावर ठरवू नका. पूर्ण गाणं गाऊन घ्या आणि शेवटच्या कडव्यातला सर्वांत वरचा स्वर ऐका. गळा थकल्यावरही तो मोकळा लागला, तरच ती पट्टी खरी. खालचं टोकही तपासा. तिथला स्वर नुसता कुजबुजल्यासारखा येत असेल तर जास्त उतरलात. पट्टी उतरली की वाद्यांच्या तारा सैल पडून झणझणायला लागतात, तेव्हा जाड तार चढवा.

इंग्लंडच्या लोकगायिका शर्ली कॉलिन्स यांना स्वरदोषामुळे गाता येईनासं झालं होतं. १९७८ नंतर त्यांचा पुढचा अल्बम थेट २०१६ मध्ये आला, वयाच्या ८१ व्या वर्षी. त्याचं रेकॉर्डिंग त्यांच्या घरीच झालं. आवाज पूर्वीपेक्षा खोल आणि खरखरीत आहे, तो तसाच ठेवलाय, आणि म्हणूनच तो अल्बम मला मोलाचा वाटतो.

तयारीला दोन-तीन महिने द्या. तासभर एकदम गाण्यापेक्षा रोज दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बरी. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, रियाज नंतर.

रेकॉर्डिंगला क्लिक ट्रॅक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारे ठरावीक लयीचे ठोके, लावू नका. लोकगीताची लय ओळीगणिक थोडी पुढेमागे होते आणि क्लिकवर गाताना गायिका शब्दांऐवजी ठोके मोजत बसते. गळा आणि मुख्य वाद्य एकत्रच घ्या. मग वाद्याचा आवाज गळ्याच्या माइकमध्ये उतरतो आणि नंतर ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, नीट चालत नाही. माझ्या मते हे चांगलंच आहे, कारण ऑटोट्यून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि दोन स्वरांमधल्या जागा सपाट करून टाकतो. खरखर बोचत असेल तर बारीकसारीक टिपणाऱ्या कंडेन्सर माइकऐवजी मऊ आवाजाचा रिबन माइक वापरून बघा, वीस-तीस सेंटिमीटरवर. एक कान हेडफोनबाहेर ठेवायला सांगा. दोन्ही कानांत मोठा आवाज असला की सूर हमखास ढळतो. एका गाण्याचे तीन पूर्ण टेक, म्हणजे तीनदा सलग रेकॉर्डिंग, दिवसाला दोन गाणी, बस. आणि सत्राच्या आधी जुनी रेकॉर्ड चुकूनही ऐकवू नका, नाहीतर गायिका स्वतःचीच नक्कल करायला लागते.

कवळी असेल तर ‘स’ आणि ‘च’ शिट्टीसारखे येतात. पाच ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास हलका डी-एसर, म्हणजे असे शिट्टीसारखे आवाज दाबणारं साधन, पुरतो. कॉम्प्रेशन, म्हणजे मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणं, २:१ च्या वर नको; त्याने श्वास आणि ओठांचे आवाज पुढे येतात. तरी श्वास कापून टाकू नका. कापलेत, तर पुढची ओळ मध्येच कुठून तरी सुरू झाल्यासारखी वाटते.