दुसऱ्याच्या तोंडून आपलं ॲडव्हेंचर ऐकताना

जेन कॉन या अमेरिकेतल्या मोठ्या गेमिंग कन्व्हेन्शनला जाऊन लिखाणाचं काम मिळतं का, हे नवीन लिहिणारे लोक मला सारखं विचारतात. मिळतं, कधी लगेच, कधी वर्षभराने, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण मी तिथे जाते ते मुळात दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही म्हणून ही पोस्ट.

मी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्ससाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायच्या गेम्ससाठी, फ्रीलान्स लिहिते. ॲडव्हेंचर्स (म्हणजे खेळायच्या तयार गोष्टी), एनपीसी (गोष्टीतली प्लेयरकडे नसलेली पात्रं), राक्षस, कधी नुसत्या एखाद्या काल्पनिक शहराची पानंच्या पानं. हे सगळं एकटीने बसून लिहायचं, फाईल पाठवायची, मग डेव्हलपर बघणार, एडिटर बघणार, चित्रं येणार, लेआउट होणार, छपाई होणार, यात वर्ष सहज निघून जातं. आणि पुस्तक आल्यावर ते कोण खेळतंय, कुठे हसतायत, कुठे कंटाळतायत, काही म्हणजे काही कळत नाही. आमचं लिखाण वाचतो तो जीएम, म्हणजे गेम चालवणारा. प्लेयर लोकांना पान दिसतही नाही, त्यांच्यापर्यंत पोचतं ते जीएमच्या तोंडून. तर ते ऐकायला मी जाते.

ज्यांना जेन कॉन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ मध्ये गॅरी गायगॅक्सने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात एक हॉल भाड्याने घेतला आणि वॉरगेम खेळणारे शंभरेक लोक जमवले, तिथून सुरुवात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा सगळ्यात प्रसिद्ध रोलप्लेइंग गेम आला १९७४ ला, म्हणजे कॉन त्या गेमपेक्षाही जुनं आहे. पुढे ते मिलवॉकीला गेलं आणि २००३ पासून इंडियानापोलिसला असतं. २०२३ ला ७०,००० पेक्षा जास्त लोक आले होते. गुरुवार ते रविवार असे चार दिवस इंडियाना कन्व्हेन्शन सेंटर भरतं, जवळच्या हॉटेलांच्या बॉलरूम भरतात, आणि शेजारी लुकस ऑइल स्टेडियम आहे, जिथे एरवी अमेरिकन फुटबॉल चालतो, तिथेही टेबलं मांडून लोक खेळत असतात. हे सगळं बंदिस्त वाटांनी जोडलेलं आहे त्यामुळे तुम्ही दिवसभर बाहेरचं ऊन न बघता चालत राहू शकता, आणि चालावं लागतं, भरपूर.

सकाळी एक्झिबिट हॉल उघडतो तेव्हा दारापाशी जी गर्दी जमते ती बघण्यासारखी असते पण मी त्यात थांबत नाही. गर्दी जरा ओसरली की ज्या कंपनीसाठी लिहिलंय तिच्या बूथवर जाते, नवीन पुस्तक उचलते आणि आधी क्रेडिट पेज उघडते. बारीक अक्षरात आपलं नाव असतं, आजूबाजूला वीसेक नावं. दर वेळी तेवढाच आनंद होतो, खोटं कशाला सांगू. शेजारी उभं राहून कुणी अनोळखी माणूस तेच पुस्तक चाळत असला की तो कुठल्या पानावर थांबतो हे बघायचा मोह मला आवरत नाही.

पण खरी जागा म्हणजे टेबलं.

छापील ॲडव्हेंचर या प्रकाराची जडणघडणच बरीचशी कॉनमध्ये झालीय. सत्तरच्या दशकात कॉनला टूर्नामेंट व्हायच्या, एकच ॲडव्हेंचर वेगवेगळे जीएम वेगवेगळ्या टेबलांवर चालवायचे आणि टीमना मार्क मिळायचे. टीएसआरने (डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणारी तेव्हाची कंपनी) १९७८ मध्ये जी सुरुवातीची मॉड्यूल्स, म्हणजे छापील ॲडव्हेंचर्स, काढली त्यातली बरीच आधी अशा टूर्नामेंटमध्ये खेळली गेलेली होती. आता मार्क द्यायचे तर सगळ्या टेबलांना खोलीचं वर्णन सारखंच ऐकायला मिळालं पाहिजे, नाहीतर एका टीमला दाराखालचा उजेड कळणार आणि दुसरीला नाही. त्यातून ते चौकटीतलं वर्णन आलं जे जीएमने जसंच्या तसं मोठ्याने वाचायचं. आज मार्कबिर्क नसतात बहुतेक ठिकाणी, पण चौकट राहिली, आणि मला दर असाइनमेंटमध्ये ती लिहावी लागते. म्हणून ती कशी वाचली जाते याच्याकडे माझं बारीक लक्ष असतं.

एका बॉलरूममध्ये माझं ॲडव्हेंचर चालू होतं. जीएम बाईंना मी आधी विचारलं, मी लिहिलंय हे, मागे बसून ऐकू का, प्लेयरना सांगू नका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बस की, पण मी बरंच बदललंय हां." त्यांची प्रत बघून मी आधी थक्कच झाले. पीडीएफ छापून स्पायरल लावलेलं, तीन रंगांचे हायलायटर, प्रत्येक प्रसंगाला कडेला चिकटवलेली चिठ्ठी, आणि एनपीसींची नावं जाड कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहून, कार्डं दुमडून टेबलावर उभी केलेली. प्लेयर सहा, त्यातले चार एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होते, एक बाप आणि त्याची बारा-तेरा वर्षांची मुलगी. कॅरेक्टर आधीच तयार करून दिलेली, शीट वाटल्या, मुलीने चोर घेतला.

चौकट आली की त्या पहिली दोन वाक्यं वाचायच्या, मग मान वर करून प्लेयरच्या डोळ्यात बघून उरलेलं स्वतःच्या शब्दात सांगायच्या. प्रत्येक वेळी! आणि बरोबर होतं ते, कारण हॉलमध्ये पन्नास टेबलांचा गलका, शेजारच्या टेबलावर कुणीतरी ड्रॅगन मारल्याची आरोळी, अशात कान देऊन किती वेळ ऐकणार माणूस. डोळे कागदावर गेले की लोक डाइसशी खेळायला लागतात, डोळे वर आले की परत येतात. मी वहीत लिहून ठेवलं: कृती करता येईल अशी वस्तू पहिल्या दोन वाक्यांत हवी. दार, दोरी, मृतदेह, जे काय असेल ते. हवामान नंतर.

त्या ॲडव्हेंचरमध्ये एक नावाडी आहे. नदी पार करून देतो आणि पैसे घेत नाही, फक्त सांगतो की परत येताना मला हाक मारा. बस, चार ओळी. किल्ल्याच्या राजघराण्यावर मात्र दीड पान आहे, कारण कंपनीने ब्रीफमध्ये, म्हणजे काय लिहायचं त्या सूचनांमध्ये, मागितलं होतं. राजघराण्याबद्दल त्या टेबलावर कुणी एक प्रश्न विचारला नाही. नावाड्याला मात्र त्या मुलीने विचारलं, "तुम्ही पैसे का घेत नाही?" जीएमनी एक सेकंद माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली की माहीत नाही, तुम्ही सांगा, आणि त्यांनी नावाडी होऊन शांतपणे सांगितलं की माझी मुलगी पलीकडे गेली होती, मी तिला हाक मारायला सांगायचं विसरलो. अख्खं टेबल गप्प. नंतरचे दोन तास ते सहा जण किल्ल्यातला खजिना सोडून नावाड्याच्या मुलीचा माग शोधत होते, जी मी लिहिलेलीच नव्हती, आणि बाप आपल्या मुलीला म्हणाला, "तू विचार, तूच नीट विचारतेस." माझ्या अंगावर काटा आला अक्षरशः. पानावर मी जागा सोडली होती आणि दोघींनी मिळून ती भरली, एक पन्नाशीची आणि एक शाळेतली, एकमेकींना न ओळखणाऱ्या. हे मला घरी स्क्रीनसमोर बसून कधीच कळलं नसतं, की बीजाला किती कमी शब्द लागतात.

अजून एक गोष्ट जी कॉनच्या टेबलावरच कळते ती म्हणजे वेळ. कॉनचा स्लॉट साधारण चार तासांचा. त्यातली पहिली वीस मिनिटं ओळखी आणि शीट समजून घेण्यात जातात, शेवटची दहा-पंधरा टेबल रिकामं करण्यात कारण पुढचा ग्रुप येऊन उभा असतो. मध्ये कुणीतरी नियम विचारणार, कुणी बाथरूमला जाणार. हातात उरतात जेमतेम तीन तास, त्यात एक मोठी लढाई पाऊण तास खाते. म्हणजे चार प्रसंग, फार तर पाच. आणि त्यातला एक असा हवा की जीएमला घड्याळ बघून गाळता यावा आणि गोष्ट तुटू नये. मी आता तो प्रसंग कुठला ते ॲडव्हेंचरमध्ये स्पष्ट लिहून टाकते, वेळ कमी असेल तर हे सोडा, प्लेयरना एवढी एक माहिती द्या आणि पुढे जा. ज्या जीएमचा शनिवारपर्यंत घसा बसलेला असतो आणि तरी तो पाचवा गेम चालवत असतो त्याच्यासाठी एवढं करणं हे लेखकाचं कामच आहे असं मला मनापासून वाटतं.

बरं, आता कामाचं. बूथवर उभ्या असलेल्या माणसाला पिच करू नका, म्हणजे तिथेच आपली कल्पना ऐकवून काम मागू नका. तो सकाळपासून पुस्तकं विकतोय, मागे रांग आहे, आणि तो एडिटर असेलच असंही नाही. नमस्कार करा, त्यांचं जे वाचलंय त्यातलं नेमकं काय आवडलं ते सांगा, आणि बाजूला व्हा. कामाच्या गोष्टी आधी मेल करून ठरवलेल्या भेटीत होतात, नाहीतर संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत, पॅनेल संपल्यावर दाराबाहेर. लेखकांसाठी तिथे रायटर्स सिम्पोझियम म्हणून वेगळा कार्यक्रमच असतो, तिथल्या रांगेत शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाने मला माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात आवडतं काम दिलंय. तेव्हा तो स्वतःही फ्रीलान्सरच होता, दोन वर्षांनी लाइन डेव्हलपर (एका गेमच्या पुस्तकांचं काम सांभाळणारा) झाला आणि त्याने मेल केला.

एडिटर मंडळींशी बोलून एक जाणवतं, की त्यांना तुमच्या जगाची दोन हजार वर्षांची वंशावळ नको असते. शब्दसंख्या पाळता का, तारीख पाळता का, फीडबॅक आला की चिडता का, आणि नियमांच्या भाषेत लिहिता येतं का. एवढंच बघतात सुरुवातीला. २०२३ च्या जानेवारीत ओजीएलचं (ओपन गेम लायसन्स, ज्यामुळे इतर कंपन्यांना डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम वापरता येतात) प्रकरण झालं, लायसन्स बदलण्याचा मसुदा बाहेर आला, लोक भडकले आणि शेवटी विझर्ड्सने (त्या गेमची आताची कंपनी) पाचव्या एडिशनचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा लायसन्सखाली, टाकले, तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांनी स्वतःच्या नियमांच्या सिस्टिम काढल्या. त्यामुळे एकच सिस्टिम येणाऱ्या लेखकापेक्षा दोन-तीन येणाऱ्याचं बरं चालतं.

आणि फ्रीलान्सर लोक एकत्र बसले की रेटबद्दल बोला, मोकळेपणाने. या धंद्यात पैसे शब्दामागे मिळतात, आणि शब्दाला तीन-चार सेंट देणारेही आहेत आणि दहा देणारेही. बहुतेक कॉन्ट्रॅक्ट वर्क फॉर हायर असतात, म्हणजे लिहिलं की त्याचे हक्क कंपनीचे, नावाडी माझा असला तरी कायद्याने माझा नाही. मला ते मान्य आहे, सही करताना मला माहीत असतं. पण पैसे ड्राफ्ट मंजूर झाल्यावर मिळणार की पुस्तक छापल्यावर, हा फरक आधी वाचा, कारण छपाई वर्षभर लांबू शकते आणि तोपर्यंत भाडं थांबत नाही. हे मला एका वयाने मोठ्या लेखिकेने लॉबीत जमिनीवर बसून समजावलं होतं, तिला माझ्याकडून काही मिळणार नव्हतं तरी, आणि मी तेच आता नव्यांना सांगते.

एनडीएबद्दल, म्हणजे गुप्ततेच्या कराराबद्दल, मात्र लोक कमी बोलतात. वर्षभर तुम्ही एखाद्या गोष्टीवर जीव ओतून काम करता आणि जवळच्या मित्रालाही सांगू शकत नाही. मग कॉनमध्ये कंपनीचं पॅनेल असतं, पडद्यावर कव्हर झळकतं, हॉल ओरडतो, आणि त्या क्षणापासून तुम्हाला बोलायची परवानगी. मी मागच्या रांगेत बसलेले, शेजारी दुसरा लेखक, आम्ही दोघं त्याच पुस्तकात आहोत हे आम्हाला एकमेकांबद्दल तेव्हा कळलं. बाहेर येऊन आम्ही जे बोलत सुटलो, तुझा कुठला चॅप्टर, अरे तो दलदलीचा तुझा का, मी त्याला जोडूनच लिहिलंय!

शुक्रवारी संध्याकाळी एनीज असतात, आमच्या क्षेत्रातले पुरस्कार. जमलं तर जरूर जा, चित्रं आणि नकाशे काढणाऱ्यांची नावं स्टेजवरून ऐकायला मिळतात आणि ती ऐकायला हवीत.

जे जीएम हे वाचत असतील त्यांना एक विनंती. कुणाचं छापील ॲडव्हेंचर चालवलंत तर क्रेडिट पेजवरचं नाव शोधा आणि त्या माणसाला कळवा टेबलावर काय झालं ते. लांबलचक रिव्ह्यू नको, चार ओळी पुरे. कुठे अडलं, काय गाळलं, प्लेयर कुणाच्या मागे लागले, कुठल्या एनपीसीचं नाव उच्चारता येईना म्हणून तुम्ही बदललंत. वाईट वाटेल म्हणून लपवू नका. जे गाळलंत ते तर आधी सांगा, पुढच्या ॲडव्हेंचरमध्ये मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.