डॉकएंज, पीडीएफ आणि आपला रफार

एसीएम या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची डॉकएंज नावाची एक परिषद आहे, विषय डॉक्युमेंट इंजिनिअरिंग. २००१ मध्ये अटलांटाला पहिली झाली, तेव्हापासून दरवर्षी होते, कधी पॅरिस, कधी फ्लोरेन्स, कधी बर्लिन. एआयवाल्या अवाढव्य कॉन्फरन्सेसपुढे ही अगदीच छोटी, त्यामुळे आपल्याकडे फारसं कुणी नाव घेत नाही. पण मराठी डीटीपी, प्रकाशन, जुन्या अंकांचं स्कॅनिंग यात जे कुणी काम करतात त्यांनी हिचे पेपर वाचलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, का ते सांगतो.

तिथे चर्चा कशाची होते? तर पान कसं लागतं, फाइलच्या आत मजकूर नेमका कसा साठवलेला असतो, वीस वर्षांनी ती फाइल उघडेल का, दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला त्यातलं हेडिंग कुठलं आणि तळटीप कुठली हे कळेल का, असल्या गोष्टींची. २०१६ ला व्हिएन्नात फ्रँक मिटेलबाख यांनी (पुस्तकं-लेखांची छपाईची पानं लावणाऱ्या लाटेक या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम करणारे) पेजिनेशनवर, म्हणजे मजकूर पानापानांत कसा विभागायचा यावर, एक पेपर मांडला, तो माझा फार आवडता. कनुथ आणि प्लास यांनी १९८१ मध्येच परिच्छेदाच्या ओळी कशा तोडायच्या याची पद्धत दिली होती, त्यात सगळा परिच्छेद एकदम बघून ठरवतात. पण पानं मात्र टेक (लाटेक ज्यावर उभं आहे तो कनुथ यांचाच प्रोग्राम) एकेक करून लावतं, हे पान भरलं की पुढचं, कारण तेव्हाच्या कॉम्प्युटरची मेमरीच तेवढी. मग परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि ती सरकवायला गेलं की मागचं सगळं हलतं, डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला हा ताप माहितीये. मिटेलबाख म्हणतात अख्खं पुस्तक एकत्र बघा, एखादा परिच्छेद एका ओळीने वाढवता किंवा कमी करता येतो का तपासा, समोरासमोरची दोन पानं मिळून एका ओळीने लांब किंवा आखूड करून बघा, आणि मग सगळ्यात चांगली मांडणी निवडा.

पण मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे पीडीएफमधून मजकूर परत बाहेर काढण्याचा. पीडीएफ आली १९९३ मध्ये, आणि ती आली पान सगळीकडे सारखं दिसावं म्हणून. आत काय असतं, तर हा ग्लिफ (म्हणजे अक्षराचा दिसणारा आकार) या जागी काढ, तो त्या जागी काढ. शब्द कुठला, वाक्य कुठलं, ही माहिती असेलच असं नाही. इंग्रजीत त्याने बऱ्यापैकी निभावतं कारण अक्षरं ज्या क्रमाने टाइप होतात त्याच क्रमाने दिसतात. आपलं तसं नाही ना! ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची जगभरची ठरलेली पद्धत) व्यंजनाच्या नंतर येते पण काढली जाते आधी, रफाराचा र साठवला जातो आधी आणि दिसतो शेवटी डोक्यावर. म्हणून चांगल्या दिसणाऱ्या पीडीएफमधून 'वर्ष' कॉपी करा, बरेचदा 'वषर्' येतं, 'सर्व' चं 'सवर्' होतं. डोळ्यांना सगळं बरोबर दिसतंय आणि सर्च केलं तर शब्द सापडत नाही. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली तर विचारूच नका, कॉपी केलं की नुसती रोमन अक्षरं.

याला उपाय नाही असं अजिबात नाही. टॅग केलेली पीडीएफ २००१ पासून, म्हणजे पीडीएफ १.४ पासून आहे, त्यात ग्लिफच्या एखाद्या गटाला त्याचा खरा मजकूर जोडून ठेवता येतो, मग दिसण्याचा क्रम काही असो, वाचणाऱ्या प्रोग्रामला बरोबर शब्द मिळतो. अॅक्सेसिबल पीडीएफचं आयएसओ स्टँडर्डही २०१२ ला आलं. प्रश्न आहे तो फाइल बनवताना हे कोण करतंय याचा. आपल्याकडे प्रिंटला गेली की फाइलचं काम संपलं असं धरतात, आणि मला याचाच त्रास होतो, कारण दिवाळी अंक असोत की गावच्या ग्रंथालयाची सूची, पुढे ती शोधायची कुणी आणि कशी? आणि स्क्रीन रीडरवर मराठी ऐकणाऱ्या माणसाला 'वषर्' ऐकवायचं का आपण?

म्हणून वाटतं की मराठीतल्या कुणीतरी, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी म्हणा, डॉकएंजला देवनागरीवरचं काम पाठवावं. खऱ्या फाइली आपल्याकडे ढिगाने आहेत. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून एकच मराठी पान पीडीएफ करायचं, मजकूर बाहेर काढायचा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं किती टिकली ते मोजायचं. एवढ्यावरही चांगला पेपर उभा राहील. आणि प्रकाशकांनी तोपर्यंत एवढं तरी करावं, अंक छापायला देताना मूळ युनिकोड मजकुराची साधी टेक्स्ट फाइलही सोबत जपून ठेवावी, आणि पीडीएफमध्ये 'वर्ष' सर्च करून बघावं.