ओव्हनमधली नळी: सहा घाण्यांच्या नोंदी

सहावा घाणा रविवारी निघाला. मटणाच्या नळीतला गर, म्हणजे हाडातली मज्जा, पहिल्यांदाच एका ढकलण्यात, अख्खा, न तुटता ताटात उतरला. दसऱ्यापासून वहीत त्रोटक टिपत होते, ते आता सविस्तर लिहून काढतेय. बोकडाच्या नळ्या ओव्हनमध्ये भाजायचा नाद आणखी कुणाला असेल, तर निदान माझे पहिले तीन घाणे त्यांचे वाचतील.

आधी हे का सुरू केलं ते. आमच्या सोलापूरच्या घरी मटणातली नळी अण्णांची, हे आम्ही भावंडं शिकतच मोठे झालो. ताटाच्या कडेवर दोनदा आपटायची, तोंडाला लावून ओढायची, मग एक डोळा मिटून तिच्यातून उजेडाकडे बघायचं, आत काही राहिलंय का ते. आता अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कवळी आहे. नळी ओढायला गेलं की कवळी सुटते. गेली दोन वर्षं ते नळी वाढली की गुपचूप माझ्या मुलाच्या ताटात सरकवतात. मला अशी नळी हवी होती, जिच्यातला गर ओढावा लागणार नाही.

कल्पना लंडनची. कामानिमित्त गेले होते तेव्हा स्मिथफिल्डच्या मटण बाजाराजवळ सेंट जॉनमध्ये जेवले. 1994 साली फर्गस हेंडरसन आणि ट्रेव्हर गलिव्हर यांनी सुरू केलेलं हॉटेल, आणि तिथली भाजलेली नळी सगळ्या जगात गाजलेली. ताटात हाडाचे उभे तुकडे, भाजलेला पाव, ओलसर जाडं मीठ, आणि पार्सलीच्या पानांची कोशिंबीर, लिंबू आणि केपर (खारवलेल्या आंबट कळ्या) घातलेली. बारीक लांब हत्याराने गर काढायचा, पावावर पसरायचा, वर मीठ, वर पाला. चव रश्शातल्या नळीपेक्षा एकदम वेगळी. ताज्या लोण्याला किंचित मटणाचा वास लागावा तशी, गोडसर. खाताना डोक्यात अण्णाच होते.

पण ती हाडं वासराची. तोंड चांगलं रुंद, गर भरपूर. आपल्या बोकडाच्या नळीची पोकळी जेमतेम बोटाच्या पेराएवढी रुंद, आणि अख्ख्या नळीत गर फार तर दोन चमचे. इंटरनेटवरच्या सगळ्या कृती मोठ्या हाडांच्या आहेत, 230 अंशांवर वीस मिनिटं वगैरे. पहिल्या घाण्यात मी तेच डोळे मिटून केलं. दार उघडलं तर नळ्या स्वच्छ पोकळ. सगळा गर वितळून ट्रेमध्ये, कडेने करपलेला. त्या तुपात उकडलेले बटाटे परतले, ते मात्र सुरेख झाले.

दुसरा घाणा उभ्या चिरलेल्या नळ्यांचा. होडीसारख्या दिसतात, फोटो छान येतो. बोकडाच्या नळीला हे अजिबात करू नका. गर इतका पातळ थरात असतो की आतून गरम होईपर्यंत वरून सुकून त्याची साल होते. शिवाय उभी चिरताना हाडाच्या कपच्या उडतात आणि गरात रुततात. कवळीवाल्या माणसाच्या ताटात कपची जाऊन चालणार नाही, म्हणून तो प्रकार तिथेच बंद केला.

तिसऱ्याच्या आधी दोन गोष्टी घेतल्या: ओव्हनचा थर्मामीटर आणि हॅकसॉचं नवं पातं. थर्मामीटर आत ठेवल्यावर कळलं की माझ्या ओटीजीची (विजेच्या छोट्या ओव्हनची) चकती 230 वर असताना आत 205 च होतं. पहिल्यापासून सगळे वेळ चुकत होते, त्याचं अर्धं कारण हे. तुमच्याकडे ओटीजी असेल तर चकतीवर भरवसा ठेवू नका, एवढं आवर्जून सांगते.

हॅकसॉचं कारण असं. खाटीक सत्तूर मारतो तेव्हा नळी तुटते, कापली जात नाही. तोंडाशी हाड चिरकतं, आणि त्या चिरेतूनच पुढे ओव्हनमध्ये गर पाझरतो. आमचे खाटीकमामा पहिल्यांदा वैतागले. सगळ्यांनाच अर्ध्या किलोत एक तरी नळी हवी असते, त्यात ही बाई चार नळ्या वेगळ्या मागते, त्याही अख्ख्या. पण ओळख जुनी आहे. आता म्हणतात, "ताई, रविवारी नऊच्या आत या, नंतर नळी राहत नाही." अख्खी नळी आणायची, तासभर फ्रीझरमध्ये टाकायची म्हणजे गर घट्ट होतो, मग फडक्यात धरून दोन्ही गाठी करवतून काढायच्या आणि मधला सहा-सात सेंटिमीटरचा सरळ तुकडा ठेवायचा. कापल्यावर तोंडाला हाडाचा ओला भुसा लागलेला असतो, तो मऊ टूथब्रशने थंड पाण्याखाली काढायचा. गाठी टाकू नका, त्या अळणीत, म्हणजे मटणाच्या बिनमसाल्याच्या पातळ रश्शात, जातात.

आणि नळी आणल्यावर लगेच कापू नका. अख्ख्या हाडात गर सुरक्षित राहतो, एकदा तोंड उघडलं की पटकन वास धरतो. ही अक्कल माणसाला फार जुनी आहे. इस्रायलमध्ये केसेम नावाची गुहा आहे. तिथे चार ते दोन लाख वर्षांपूर्वीच्या माणसांनी हरणांच्या पायांची हाडं कातडीसकट ठेवून दिली आणि आठवड्यांनी फोडून गर खाल्ला, असं 2019 साली संशोधकांनी हाडांवरच्या कापल्याच्या खुणांवरून दाखवलं. नंतर काढलेल्या सुक्या कातडीच्या खुणा वेगळ्या उमटतात, त्यावरून. त्यांनी करून पाहिलेल्या प्रयोगात तसा ठेवलेला गर नऊ आठवड्यांपर्यंत खाण्याजोगा निघाला. मी अर्थातच फ्रीझरमध्ये ठेवते, पण अख्खीच.

तिसरा घाणा 220 खरे अंश, दहा मिनिटं, नळ्या उभ्या. निम्म्या जमल्या. बाकीच्यांचा गर खालच्या तोंडातून निसटला आणि वरच्या अर्ध्यात लालसर जेलीसारखा कच्चट राहिला. वर तपकिरी करडा रंग, दिसायला वाईट. मात्र दोन्ही दुखण्यांवर उपाय सापडला, आणि चौथ्या घाण्याने खरी कलाटणी मिळाली.

रंगाचा उपाय मिठाचं पाणी. एक लिटर थंड पाण्यात दोन चमचे मीठ, त्यात कापलेल्या नळ्या, भांडं फ्रिजमध्ये, रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस. पाणी तीनदा बदलायचं. पहिलं पाणी पार गुलाबी होतं, तिसरं जवळजवळ नितळ. गरातलं रक्त निघून जातं आणि भाजल्यावर तो करडा न होता मोतिया राहतो. हे टाळून चालत नाही, मी एकदा टाळून पाहिलंय.

निसटण्याचा उपाय कणकेचा. बिर्याणीच्या हंडीला दम देताना झाकणाच्या कडेला कणीक लावतो ना, तीच. घट्ट मळायची, पुरीच्या पिठाहून घट्ट, लिंबाएवढा गोळा घेऊन नळीच्या खालच्या तोंडाला टोपी बसवायची आणि कडेने दाबून हाडावर अर्धा इंच वर चढवायची. त्याआधी हाड फडक्याने कोरडं पुसायचं, नाहीतर टोपी सरकते. मग केकच्या लांबट भांड्यात खडे मिठाचा दोन बोटं थर द्यायचा आणि नळ्या टोपी खाली करून त्यात रोवायच्या. उभ्या राहतात, हलत नाहीत, आणि मीठ तापून खालूनही शेक देतं. इंग्लंडमध्ये जुन्या काळी अशाच पिठाने तोंड बंद करून नळ्या फडक्यात बांधून उकडायचे, हे मला नंतर कळलं. आपला दम आणि त्यांची उकड, युक्ती एकच.

चौथ्या घाण्यात चार नळ्यांपैकी तीन गळल्या नाहीत. चौथीची टोपी तडकली होती, चूक माझ्या हाताची.

पाचव्यात दोन गोष्टी ताडून पाहिल्या. दोन्ही तोंडं बंद केली तर? एका नळीची वरची टोपी आतल्या वाफेने फुगून सुटली, दुसरीचा गर आत आहे की गेला तेच कळेना. वरचं तोंड उघडंच हवं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मांडीची नळी आणि पोटरीची नळी शेजारी शेजारी लावल्या, त्याच मिठात, तितकाच वेळ. मांडीची जाड, गर जास्त, म्हणून आजवर मी तीच मागून घेत होते. पण भाजल्यावर तिचा गर मधे लालसर आणि चिवट राहिला. पोटरीचा मात्र पांढरट, मऊ, सळसळीत, सुरीने लोणी लावावं तसा भाकरीवर पसरला.

याचं कारण हाडातच आहे. जनावर लहान असताना नळीत लाल मज्जा असते, रक्त तयार करणारी. वय वाढलं की तिची जागा पिवळी, चरबीची मज्जा घेते, आणि हा बदल खुराकडून वर सरकतो. आपण खातो ते बोकड वर्षभराच्या आगेमागे. त्यामुळे खालचं हाड पिवळं झालेलं असतं तेव्हा मांडीच्या हाडात अजून लाली असते. शिवाय पायात जितकं खाली जाल तितकी मज्जेतली चरबी पातळ असते, कमी उष्णतेवर वितळणारी. पोटरीचा गर ताटात थंड झाला तरी लगेच थिजून मेणासारखा होत नाही, तो यामुळेच. आणखी एक: उपाशी, रोडावलेल्या जनावराच्या शरीरातली सगळी चरबी संपल्यावर शेवटी नळीतली वापरली जाते, आणि मग गर पाणचट होतो. म्हणून खाटीकमामांना आता "मोठी नळी द्या" म्हणत नाही, "पोसलेल्या बोकडाची, पोटरीची द्या" म्हणते.

मग मार्गशीर्ष लागला. आमच्याकडे महिनाभर काही नाही, वही बंद.

सहावा घाणा पौषातला. आठ तुकडे, सगळे पोटरीचे, वीस तास मिठाच्या पाण्यात. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवले. कणकेच्या टोप्या. ओव्हन खऱ्या 220 वर वीस मिनिटं आधीपासून तापत ठेवला, मिठाचं भांडं आतच, म्हणजे नळ्या गरम मिठात रोवल्या जातात. आठव्या मिनिटाला पहिली तपासणी: स्टीलची बारीक सळई गरात मधोमध घालायची, पाच आकडे मोजायचे, काढून खालच्या ओठाला लावायची. नुसती कोमट लागली, अजून नाही. दहाव्या मिनिटाला चांगली गरम, गर कडेने हाडापासून सुटून किंचित आक्रसलेला, वर तुपाचा थेंबभर डबका बुडबुडतोय, मधला भाग अजून डळमळतोय. हीच वेळ. आणखी दोन मिनिटं ठेवलं की डबका वाढतो आणि गर बुडतो, याच्या मध्ये काही नाही. ओव्हनसमोरून हलायचं नाही.

काढल्यावर मिनिटभर थांबून टोपी उलथण्याच्या पाठीने ठोकून फोडायची आणि खालून चायनीजबरोबर येणाऱ्या बांबूच्या काडीने गर वर ढकलायचा. सगळा एकसंध येतो.

बरोबर काय, यावर घरात बरीच चर्चा झाली. पाव मला मऊ वाटतो. सोलापूरची कडक भाकरी, ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावर पुन्हा जरा शेकलेली, याला तोड नाही. गर तिच्या गरम अंगावर अर्धवट विरघळतो आणि भाकरी तरी कुरकुरीत राहते. वर जाडं मीठ दोन कण. पार्सलीच्या जागी कोथिंबिरीची कोवळी पानं देठ काढून, कांद्याची पात, थंड पाण्यात भिजवून पिळलेला पातळ कांदा, लिंबू, आणि केपरच्या जागी लिंबाच्या जुन्या खारातली एक फोड अगदी बारीक चिरून. आंबट-खारट काहीतरी लागतंच, नाहीतर दुसऱ्या घासाला तोंड तुपकट होतं. शेंगा चटणी मी मुद्दाम ठेवली नव्हती, तेलाखाली आणि लसणाखाली गर हरवतो. आईने वाटी आणून ठेवली. तिला पटलेलंच नव्हतं. "रश्शाशिवाय नळी म्हणजे काय गं ती?" म्हणाली, आणि स्वतःची भाकरी संपेपर्यंत पुढे काही बोलली नाही.

डॉक्टरांनी चरबी जपून सांगितलीय, म्हणून अण्णांच्या ताटात एकाच नळीचे दोन तुकडे. पहिल्यातला गर मी काढून भाकरीवर लावून दिला. दुसरा त्यांनी माझ्या हातातून घेतला, काडी नको म्हणाले. टोपी फोडलेली होतीच. ताटाच्या कडेवर दोनदा आपटला, तिसऱ्यांदा भाकरीवर उलटा धरून झटका दिला, आणि गर सळकन बाहेर आला. मग एक डोळा मिटून नळी ट्यूबलाइटकडे धरली.

हाडं धुऊन, गाठींसकट, रात्रीच कुकरमध्ये गेली. सोमवारच्या अळणीला चव आली, पण तवंग नव्हता, गर आधीच खाल्लेला म्हणून. पुढच्या वेळी दोन नळ्या न भाजता अळणीसाठी ठेवणार आहे. पुढचा घाणा मेंढीच्या नळ्यांचा. खाटीकमामांकडे सांगून ठेवलंय. अण्णांचं म्हणणं, कुठल्याही आण, पण मागच्या पायाच्याच असू देत.