बॉन्ड्स ३६ मतांनी राहिला, त्या दिवशीचं काम

२५ जानेवारी २०२२. बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमचा निकाल न्यूयॉर्कच्या वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजता लागणार होता. अमेरिकेतल्या एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर त्या बातमीतले आकडे आणि आरोपांची भाषा तपासायचं काम माझ्याकडे होतं. बॅरी बॉन्ड्स आणि रॉजर क्लेमेन्स यांचं मतपत्रिकेवरचं हे दहावं, म्हणजे शेवटचं वर्ष. बॉन्ड्सच्या नावावर ७६२ होमरन, म्हणजे मैदानाबाहेर टोलवलेले फटके. क्लेमेन्स ३५४ विजय आणि सात साय यंग (मोसमातला सर्वोत्तम पिचर) पुरस्कार मिळवलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. नुसत्या खेळाकडे पाहिलं असतं तर दोघंही पहिल्याच वर्षी आत गेले असते. पण दोघांवर स्टेरॉइडसारखी उत्तेजकं घेतल्याचे आरोप होते, आणि २०१३ मध्ये, पहिल्या वर्षी, त्यांना मतं पडली अनुक्रमे ३६.२ आणि ३७.६ टक्के.

गणित आधी करून ठेवलं होतं. बेसबॉल लेखक संघटनेत सलग दहा वर्षं काढलेले पत्रकार मत देतात. कागदी मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १० नावांवर खूण करायची आणि ३१ डिसेंबरपर्यंत ती टपालात टाकायची. निवडून यायला ७५ टक्के लागतात. ५ टक्क्यांखाली गेलेलं नाव या मतपत्रिकेवरून कायमचं जातं. कोरी पाठवलेली मतपत्रिका मोजली जाते, त्यामुळे ती प्रत्येक उमेदवाराच्या विरोधात जाते. न पाठवलेली मोजत नाहीत. २०२१ मध्ये अशा १४ कोऱ्या आल्या आणि कुणीच निवडून आलं नाही. अपूर्णांक वर ओढायची मुभा नाही. १९८५ मध्ये नेली फॉक्स ७४.७ टक्क्यांवर थांबला, त्याचे ७५ धरले गेले नाहीत.

दुपारचा बराचसा वेळ मात्र एका वाक्यापायी गेला: ‘तो उत्तेजकांच्या चाचणीत कधीच सापडला नाही.’ दोघांची बाजू मांडणाऱ्या मजकुरात हे वाक्य हटकून येतं, आणि ते तसंच सोडणं म्हणजे वाचकाची दिशाभूल. स्टेरॉइडवर बंदी आहे असं बेसबॉलचे तेव्हाचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी १९९१ च्या परिपत्रकात लिहिलं होतं, पण तपासणीची सोयच नव्हती. पहिली तपासणी २००३ मध्ये झाली, तीही निनावी. ५ टक्क्यांहून जास्त नमुने सदोष निघाले तर पुढच्या वर्षापासून शिक्षेसह चाचणी, असं खेळाडू संघटनेशी ठरलं होतं. ते निघाले. म्हणजे बॉन्ड्सनं २००१ मध्ये एका मोसमात ७३ होमरन मारले, तेव्हा सापडायला चाचणीच नव्हती.

चाचणी असती तरी खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेनं तिला चकवायची तयारी केलीच होती. मूत्रातल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं एपिटेस्टोस्टेरॉन या त्याच्यासारख्याच नैसर्गिक पदार्थाशी प्रमाण साधारण १:१ असतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची मर्यादा तेव्हा ६:१ होती, २००५ पासून ४:१ झाली. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पहिला आकडा चढतो आणि माणूस पकडला जातो. म्हणून बाल्कोच्या मलमात टेस्टोस्टेरॉनसोबत एपिटेस्टोस्टेरॉनही घातलेलं असे. दोन्ही आकडे चढले की प्रमाण जागच्या जागी राहतं. ते ओळखायला कार्बनच्या समस्थानिकांची (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) वेगळी तपासणी करावी लागते: औषधी टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींपासून बनवतात आणि त्यात कार्बन-१३ शरीरात तयार होणाऱ्यापेक्षा कमी असतो. बाल्कोचा दुसरा पदार्थ टीएचजी हे स्टेरॉइड. नेहमीच्या गॅस क्रोमॅटोग्राफीत (नमुन्यातले पदार्थ तापवून वेगळे करायच्या पद्धतीत) तो तपासणीदरम्यानच मोडून जाई, म्हणून दिसतच नसे. २००३ मध्ये एका प्रशिक्षकानं वापरलेली सिरिंज पाठवली, तेव्हा कुठे लॉस एंजलिसला डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेनं तो शोधला.

म्हणून डेस्कवर आम्ही पुराव्याप्रमाणे क्रियापदं ठरवली. ‘चाचणीत सापडला’ हे राफाएल पाल्मेरोसाठी: २००५ मध्ये स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड, १० दिवसांची बंदी. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ससाठी ते चालत नाही. त्याची १६२ सामन्यांची बंदी बायोजेनेसिस या दवाखान्याच्या कागदपत्रांवरून आली होती, सदोष नमुन्यावरून नव्हे. तिथे ‘बंदी भोगली’. क्लेमेन्ससाठी ‘आरोप’, कारण बेसबॉलमधल्या उत्तेजकांबद्दलच्या १३ डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात त्याच्याविरुद्ध आधार होता त्याचा माजी प्रशिक्षक ब्रायन मॅकनामी याच्या सांगण्याचा, आणि शपथेवर खोटं बोलल्याच्या खटल्यात ज्युरीनं २०१२ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. बॉन्ड्सची बाल्को प्रकरणात न्यायात अडथळा आणल्याबद्दलची शिक्षा २०१५ मध्ये अपिलात रद्द झाली, हेही त्याच परिच्छेदात हवं. आणि जिथे नुसतं ‘अंग भरलेलं दिसतं’ एवढंच आहे, तिथे एक शब्दही छापायचा नाही. जेफ बॅगवेल मिचेल अहवालात नव्हता, त्याच्यावर बंदीही आली नव्हती, तरी कुजबुजीपायी त्याला सातव्या वर्षापर्यंत, २०१७ पर्यंत थांबावं लागलं. हा अन्यायच होता.

सहाच्या सुमाराला मतांचा आकडा आला: ३९४ मतपत्रिका. पाऊण हिस्सा २९५.५, म्हणजे २९६ हवीत. डेव्हिड ऑर्टिझ ३०७, एकटा तोच निवडून आला. बॉन्ड्स २६०, ६६ टक्के. क्लेमेन्स २५७. निकालाआधी स्वतःहून उघड झालेल्या मतपत्रिकांत दोघंही ७५ च्या वर दिसत होते, आणि मथळा तयार ठेवण्याचा मोह तिथेच होतो. पण आपलं मत जाहीर करणारे मतदार या दोघांबाबत उदार असतात. गुप्त ठेवणारे नसतात. हे दर वर्षी दिसलं होतं. सगळ्या मतपत्रिका उघड कराव्यात असं लेखक संघटनेनं २०१६ मध्ये बहुमतानं ठरवलंही होतं. हॉल ऑफ फेमनं ते नाकारलं.

मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त खुपला तो तक्त्यातला आणखी एक आकडा: सॅमी सोसा, १८.५ टक्के. त्याचंही शेवटचं वर्ष. सोसा आणि ऑर्टिझ या दोघांची नावं २००३ च्या त्याच निनावी तपासणीत सदोष ठरलेल्यांच्या यादीतून फुटून २००९ मध्ये छापून आली. त्या यादीतल्या काही निकालांबद्दल शंका आहे, असं आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी २०१६ मध्ये ऑर्टिझच्या निवृत्तीच्या वेळी सांगितलं. मग ती शंका सोसालाही लागू व्हायला हवी. ऑर्टिझ पुढे शिक्षेच्या चाचण्यांखाली २०१६ पर्यंत खेळला आणि त्याच्यावर कधी बंदी आली नाही, हा फरक खरा आहे आणि मी तो मोठा मानतो. तरी ७७.९ आणि १८.५ यांतलं एवढं अंतर त्यातून निघत नाही. लोकांना ऑर्टिझ आवडतो, हे त्या अंतराचं मोठं कारण आहे. मतदारांना पाठवल्या जाणाऱ्या नियमात ‘सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य’ हे शब्द आहेत, पण पुरावा कोणत्या दर्जाचा लागेल याबद्दल एक ओळ नाही. ज्यांच्या कारकिर्दीत हे सगळं घडलं ते आयुक्त बड सेलिग मात्र २०१६ च्या डिसेंबरातच हॉल ऑफ फेमच्या एका वेगळ्या समितीतून निवडून आले होते, १६ पैकी १५ मतांनी.

आता बॉन्ड्स आणि क्लेमेन्स यांचा फैसला तशाच १६ जणांच्या समितीकडे आहे. १२ मतं लागतात. डिसेंबर २०२५ मध्ये जेफ केंट हा माजी खेळाडू १४ मतांनी आत गेला आणि या दोघांना पाचही पडली नाहीत. नव्या नियमानं ते पुढच्या फेरीतून बाद झाले, आता थेट २०३१. तेव्हाही पाचाच्या खाली राहिले तर दार कायमचं बंद. समितीत कुणी कुणाला मत दिलं हे जाहीर होत नाही. निदान २०३१ ला तरी ती १६ मतं नावानिशी छापायला मिळायला हवीत.