पॉवर प्लॅन रीसेट केला, तरी पीसी झोपत का नाही?

विंडोज १० किंवा ११ वर स्लीपचं काही बिनसलं की बरेच जण थेट सगळे पॉवर प्लॅन (स्क्रीन, स्लीप वगैरेंच्या वीजवापराच्या सेटिंग्जचे संच) रीसेट करून टाकतात. आज्ञा एका ओळीची आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा आणि ‘पॉवरसीएफजी -रिस्टोअरडिफॉल्टस्कीम्स’ असं टाइप करायचं. इंग्रजीतच, डॅशनंतरचे तिन्ही शब्द जोडून. पण ही आज्ञा ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. तुम्ही स्वतः बनवलेले प्लॅन तिच्यासरशी पुसले जातात.

म्हणून आधी ‘पॉवरसीएफजी /लिस्ट’ चालवा. ज्या ओळीच्या शेवटी चांदणी (*) दिसेल तो चालू प्लॅन. त्याचा लांबलचक क्रमांक कॉपी करा आणि ‘/एक्स्पोर्ट’नंतर आधी फाइलचं नाव, मग तो क्रमांक देऊन प्लॅन जपून ठेवा. ‘/इम्पोर्ट’ने तो पुन्हा आणता येतो. एकाच प्लॅनची घडी विस्कटली असेल तर सगळे पुसायची गरजच नाही: पॉवर ऑप्शन्समधल्या अॅडव्हान्स्ड खिडकीत ‘रिस्टोअर प्लॅन डिफॉल्ट्स’चं बटण आहे, तेवढं पुरतं.

रीसेटनंतरही फक्त ‘बॅलन्स्ड’च दिसतोय? ‘पॉवरसीएफजी /ए’ चालवून पाहा. उपलब्ध प्रकारांत ‘एस० लो पॉवर आयडल’ असेल तर मशीन मॉडर्न स्टँडबायचं, म्हणजे फोनसारखं अर्धवट जागं राहून झोपणारं आहे, आणि अशा मशीनवर साधारणपणे तेवढा एकच प्लॅन असतो. पुन्हा पुन्हा रीसेट करून उपयोग नाही.

आणि स्लीप न लागण्याचं कारण अनेकदा प्लॅनमध्ये नसतंच. पीसी जागा असताना ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ द्या. ‘डिस्प्ले’, ‘सिस्टम’ अशी शीर्षकं येतात. प्रत्येकाखाली ‘नन’ असेल तर कुणी अडवत नाहीये. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये गाणं चालू असेल, तर ‘सिस्टम’खाली साउंड कार्डाचं नाव आणि ऑडिओ स्ट्रीम वापरात असल्याची ओळ दिसते. टॅब बंद करा, आज्ञा पुन्हा द्या, ओळ गेलेली असेल.

उलट, झोपलेला पीसी आपोआप उठत असेल तर ‘/लास्टवेक’ बघा. माउस किंवा नेटवर्क कार्डाचं नाव आलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली पीसीला उठवायच्या परवानगीची खूण काढा. कीबोर्डची मात्र राहू द्या. रात्री ठरावीक वेळीच उठत असेल, तर संशय वेक टाइमर्सवर, म्हणजे ठरल्या वेळी पीसीला उठवणाऱ्या गजरांवर. अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’खाली ते ‘डिसेबल’ करा.

हे निस्तरलं की मगच वेळा बदला. घरच्या डेस्कटॉपला स्क्रीन ५ मिनिटांनी आणि स्लीप २० मिनिटांनी, हे बेताचं आहे: ‘पॉवरसीएफजी /चेंज मॉनिटर-टाइमआउट-एसी ५’ आणि ‘स्टँडबाय-टाइमआउट-एसी २०’. शून्य दिलंत तर ‘कधीच नाही’.

डिस्कवरची जागा वाचवायला हायबरनेट (उघडलेलं काम डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवून पीसी पूर्ण बंद करणं) बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. १६ जीबी रॅमला ती फाइल साधारण साडेसहा जीबी घेते हे खरं, पण तिच्याबरोबर फास्ट स्टार्टअप (पीसी लवकर सुरू होण्याची सोय) आणि हायब्रिड स्लीपही जातं. जिथे दुपारी अचानक लाइट जाते आणि यूपीएस नाही, तिथे हायब्रिड स्लीप हवंच. त्यात उघडलेलं काम रॅमबरोबर डिस्कवरही उतरलेलं असतं, त्यामुळे झोपेत असताना वीज गेली तरी चालू केल्यावर ते जसंच्या तसं समोर येतं.